फ्रेंचमध्ये बॉयफ्रेंड आणि गर्लफ्रेंड ऐकायला सेमच, यामागचं गणित काय?

फ्रेंचमध्ये बॉयफ्रेंडला म्हणतात 'पतीतामी'. आणि गर्लफ्रेंडला? तेही 'पतीतामी'च. स्पेलिंग वेगळं, पण कानाला फरक शून्य.

फ्रेंच शिकणाऱ्यांची रड हीच असते. वाचलेलं कळतं, पण समोरचा बोलायला लागला की कुठला शब्द कुठे संपला तेच कळत नाही. डेल्फसारख्या परीक्षेत ऐकून उत्तरं लिहायची असतात, तिथे मग दांडी उडते.

तर विषय असाय की, फ्रेंच बोलताना वाक्य शब्दांवर नाही, सिलेबलवर तुटतं. सिलेबल म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. फ्रेंचला हा तुकडा स्वरावर संपलेला आवडतो. त्यामुळे दोन स्वरांच्या मधलं एकटं व्यंजन मागे थांबत नाही, पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं.

फ्रान्सचे मॅक्रॉन घ्या. आपण म्हणतो मॅक-रॉन, ते म्हणतात मा-क्रों. व्यंजनापुढे र किंवा ल आला की जोडी सहसा फुटत नाही, आपल्या जोडाक्षरासारखी. बाकीच्या जोड्या बहुतेकदा फुटतात, उदाहरणार्थ पार्-तीर, म्हणजे निघणे.

शब्दाच्या शेवटची व्यंजनं बऱ्याचदा मुकी असतात. रेनो गाडीच्या स्पेलिंगमध्ये सात अक्षरं आहेत, सिलेबल दोनच. शेवटचे एल आणि टी गायब.

पण मुकं म्हणजे मेलेलं नाही. 'पती' म्हणजे छोटा (हो, उच्चार जवळपास तोच). त्याच्या शेवटी मुका टी आहे. पुढे 'आमी' म्हणजे मित्र आला, की स्वर बघून टी जागा होतो आणि 'आ'ला चिकटतो. झालं प-ती-ता-मी. याला म्हणतात लिएझों. स्त्रीलिंगी रूप 'पतीत', त्यातला टी कायमच ऐकू येतो. मैत्रीणही उच्चाराला 'आमी'च, म्हणून पुन्हा प-ती-ता-मी. मग ओळखायचं कसं? आधीच्या शब्दावरून. 'मों' म्हणजे माझा, 'मा' म्हणजे माझी.

लिएझों सगळीकडे मात्र चालत नाही. 'नो एरो' म्हणजे आमचे हिरो. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आहे, त्याचा उच्चार होत नाही, पण तो जोडणी अडवतो. तरी जोडलंत तर होतं 'नो झेरो', म्हणजे आमचे झिरो. कौतुक करायला जाल आणि अपमान करून याल. बरं, हिरोईनला ही बंदी नाही, तिथे बिनधास्त 'नो-झे-रो-ईन'. लॉजिक शोधू नका, पाठ करा.

आपल्याला एक फायदा आहे. इंग्रजीसारखा एकाच सिलेबलवर हातोडा मारायची मराठीला सवय नाही. फ्रेंचमध्येही सगळे तुकडे साधारण सारख्या वजनाचे, फक्त शेवटचा जरा लांबतो.

आता हे म्हणून बघा: इ-ला-अँ-ना-मी. म्हणजे, त्याला एक मित्र आहे. शब्द चार, तुकडे पाच.