ओळखीचा पुरावा : मध्ययुगीन रहस्यकादंबरी आणि भाऊसाहेबांचा तोतया

चंडीगढचा सेक्टर १७ हा ल कार्बुझिएच्या आराखड्यातील शहराचा मध्यवर्ती भाग. सरळ रेषा, उघडे काँक्रीट आणि क्रमांकाने ओळखली जाणारी वस्ती. येथे चुकायचे म्हटले तरी फारसे चुकता येत नाही. अशा जागेतल्या ग्रंथालयात बसून उंबेर्तो एकोच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ (१९८०) मधील, १३२७ सालच्या मठाचे चक्रव्यूहासारखे ग्रंथालय वाचणाऱ्याला मोह पडतो, तो निव्वळ दूरत्वाचा असावा असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु दूरत्वाचे हे उत्तर अपुरे आहे. आणि ते का अपुरे आहे हे समजण्यासाठी चंडीगढहून दिल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पानिपत उपयोगी पडते.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ तेथे दिसेनासे झाले. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताच्या फारसी वृत्तान्तात शिर नसलेल्या एका देहाची ओळख अंगावरील जुन्या जखमेच्या व इतर खुणांवरून पटविल्याची हकीकत आहे. हकीकत तपशीलवार आहे, तरी पुण्यात तिने सर्वांचे समाधान झाले नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे स्वतःस भाऊसाहेब म्हणविणारा एक इसम प्रकट झाला. चौकशीत तो तोतया ठरला, कैदेत पडला, तेथून सुटला आणि १७७६ मध्ये कोकणात त्याने फौज उभी केली. पुन्हा पकडला गेल्यावर त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

छायाचित्र नाही, बोटांचे ठसे नाहीत, रक्ताची परीक्षा नाही. माणूस तोच आहे हे सिद्ध करायचे ते चेहऱ्यावरून, व्रणावरून आणि घरातल्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी विचारून. पुरावा म्हणजे अखेर दुसऱ्या माणसाचा शब्द, आणि तो माणूस निःस्वार्थी असेलच असे नाही. कारभार ज्यांच्या हाती होता ते नाना फडणीस स्वतः पानिपताच्या मोहिमेत होते, भाऊसाहेबांना जवळून ओळखत होते. पण गादीवर १७७४ मध्ये जन्मलेले सवाई माधवराव होते. भाऊ खरोखर जिवंत निघाले असते तर तो कारभार कोणाकडे गेला असता, हा प्रश्न नानांनाही सुटलेला नव्हता. ओळखणाऱ्याचा लाभ आणि ओळख यांची ही गुंतागुंत हेच मध्ययुगीन रहस्याचे खरे भांडवल होय. एलिस पीटर्सच्या बाराव्या शतकातील ब्रदर कॅडफेलच्या वीस कादंबऱ्यांत (१९७७–१९९४) वनौषधी जाणणारा साधू तपास करतो, तेव्हाही निर्णायक क्षण बहुधा कोणाच्या साक्षीवर विसंबावे हाच असतो. एकोचा विल्यम तर चिन्हांची चुकीची संगती लावूनच गुन्हेगारापर्यंत पोहोचतो. आधुनिक गुप्तहेरकथेने प्रयोगशाळेच्या हवाली केलेली ही अनिश्चितता वाचकाला येथे परत मिळते.

(युरोपीय कालविभागणीनुसार अठरावे शतक मध्ययुगात बसत नाही, मराठी इतिहासलेखनात मात्र १८१८ पर्यंतचा काळ मध्ययुगीन म्हणण्याचा प्रघात आहे, आणि या चर्चेपुरता तोच सोयीचा आहे.)

तौलनिक अभ्यासकाला येथे मार्तँ गेर आठवावा. १५६० मध्ये तुलूजच्या न्यायालयासमोर आलेल्या त्या फ्रेंच तोतयाच्या खटल्यावर नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९८३ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि पत्नीने काय ओळखले, काय ओळखू दिले, हा प्रश्न मध्यभागी आणला. मराठीत ही सामग्री गेली नाटकाकडे. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’मध्ये शीर्षकातच निकाल आहे : प्रेक्षकाला संशयाला जागा नाही, बंड मोडते कसे एवढेच पाहायचे. कादंबरीने पानिपताचा रणसंग्राम घेतला. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) हे त्याचे सर्वाधिक वाचले गेलेले उदाहरण. मराठी ऐतिहासिक कादंबरी वीराच्या कर्तृत्वाभोवती वाढली, आणि वीर कोण हेच जेथे संशयास्पद आहे अशी कथा तिला अवघड गेली असावी. वाचकाला शेवट ठाऊक असतो ही सबब टिकत नाही, कारण मार्तँ गेरचाही शेवट सर्वांस ठाऊक होता.

ही चौकशी रहस्यकादंबरी म्हणून लिहावयाची झाल्यास लेखकाला तोतयापेक्षा चौकशी करणाऱ्यांच्या बाजूने बसावे लागेल. तेथे पहिलाच पेच पार्वतीबाईंचा येईल. भाऊसाहेबांना त्यांच्याइतके कोणी ओळखत नव्हते, आणि ते जिवंत असावेत असे त्यांच्याइतके कोणालाच वाटत नव्हते. त्यांना साक्षीदार मानावे की पक्षकार?