सेशन संपलं? चला, टेकडीवर!

पेपर, पोस्टर आणि पीपीटीच्या गर्दीत कॉन्फरन्सच्या पत्रिकेत हल्ली एक नवा शब्द डोकावतो: ‘ऐच्छिक’. सकाळचा योग, हेरिटेज वॉक, आकाशदर्शन... टाइमपास वाटतोय? थांबा, खरी कॉन्फरन्स कदाचित तिथेच भरते!

कॉन्फरन्स म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? गळ्यात बिल्ला, खांद्यावर फुकट मिळालेली झोळी, एसी हॉलमधली हुडहुडी आणि जेवणानंतरच्या सेशनला जड झालेल्या पापण्या. तीन दिवस खुर्चीला चिकटायचं, चहाच्या रांगेत दोन कार्डं वाटायची आणि घरी येऊन पाठीला बाम चोळायचा.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका कॅम्पसवर अशीच एक परिषद कव्हर करायला गेले होते. पत्रिकेत अगदी खाली, बारीक अक्षरांत एक रकाना होता. साडेसहाला योग किंवा टेकडी, दुपारी चारला कॅम्पसची सफर, रात्री आकाशदर्शन. पुढे लिहिलं होतं, ‘ऐच्छिक’. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या ग्रुपमध्ये आम्ही मोजून अकरा जण होतो. त्यात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी होती आणि जिचे पेपर वाचून तिने विषय निवडला, ती प्रोफेसरही होती. चहाच्या वेळी या मॅडमभोवती एवढा घोळका असायचा, की मुलगी लांबूनच परत फिरायची. चढावर मात्र दोघींनाही सारखीच धाप लागली होती. मॅडम थांबल्या, पाण्याची बाटली मागितली आणि विचारलं, ‘तुझं काम कशावर आहे?’ पुढचा अर्धा तास त्या दोघी आमच्या बऱ्याच मागे होत्या. दुपारी मॅडम स्वतःहून त्या मुलीच्या पोस्टरसमोर उभ्या दिसल्या.

गोटिंगेनचा तो फेरफटका

हा काही नवा फंडा नाही. जून १९२२. जर्मनीतल्या गोटिंगेन विद्यापीठात नील्स बोर यांची व्याख्यानमाला सुरू होती. सभागृहातल्या एका वीस वर्षांच्या पोराने उठून त्यांच्या म्हणण्यावर आक्षेप घेतला. बोर चिडले नाहीत. व्याख्यान संपल्यावर त्यांनी त्याला गावाबाहेरच्या हाइनबर्ग टेकडीवर फिरायला चल म्हटलं. पोराचं नाव होतं व्हर्नर हायझेनबर्ग. आपल्या वैज्ञानिक आयुष्याची खरी सुरुवात त्या दुपारच्या फेरफटक्यात झाली, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. पुढे १९३२चं नोबेल त्याच्या नावावर लागलं.

हे योगायोगावर सोडायचं नाही, असं काही मंडळींनी ठरवूनच टाकलं. अमेरिकेत नील गॉर्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९३१मध्ये सुरू केलेल्या परिषदा आज ‘गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस’ म्हणून ओळखल्या जातात. तिथे भाषणं सकाळी आणि रात्री. दुपार मोकळी! पोहा, चढा, खेळा, नाहीतर झाडाखाली बसून वाद घाला. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या ओबरवोल्फाख या गणित संस्थेत तर बुधवारची दुपार म्हणजे डोंगर चढण्याची दुपार, आणि पलीकडच्या गावात केक. तिथे जेवायला कुठे बसायचं हेसुद्धा तुम्ही ठरवत नाही. दर वेळी नॅपकिनवरचं तुमचं नाव वेगळ्याच टेबलावर असतं. म्हणजे आपल्याच लॅबच्या लोकांत घुटमळायची सोय नाही.

पाय हलले की डोकंही

विज्ञान काय म्हणतं? २०१४मध्ये स्टॅनफर्डच्या मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी लोकांना बसून आणि चालताना कल्पना सुचवायला लावल्या. चालताना सर्जनशील कल्पनांचं प्रमाण सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास वाढलं. गंमत म्हणजे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही हा फायदा दिसला. पण एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यांत चालणारे किंचित मागेच पडले. थोडक्यात, आकडेमोड टेबलावर करा, नवी कल्पना मात्र रस्त्यावर शोधा.

तब्येतीचा हिशेबही सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि बसून राहणं कमी करावं. नऊ ते सहा हॉलमध्ये बसून हे गणित जमेल का, तुम्हीच सांगा!

जिम कशाला, कॅम्पस आहे ना!

आपल्याकडे तर यासाठी वेगळा खर्चही नको. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं. त्यातली मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला, काम सुरू झालं १८६४मध्ये. त्याच आवारात आयुका आहे. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या वास्तूतलं ते कुंड, भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे. अशा कंपनीत चहा प्यायला कोण नाही म्हणेल? चतुःशृंगीची टेकडी शेजारीच, आणि पाषाणच्या बाजूच्या संस्थांना वेताळ टेकडी जवळ.

मुंबईत आयआयटीला पवईचा तलाव आणि जुनी झाडी आहे. फक्त लक्षात ठेवा, तलावात मगरी आहेत आणि आवारात बिबट्याही येऊन जातो, त्यामुळे रात्रीचा रोमँटिक फेरफटका नकोच! कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये एका बाजूला समुद्र आणि प्रवेशदालनात हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र. तिथे आर्ट वॉक वेगळा ठरवायलाच नको.

ऐच्छिक, पण कुणासाठी?

आता मुद्द्याचं. नोकरीच्या शिफारसपत्राची, एकत्र पेपर लिहायची, परदेशातल्या पोस्टडॉकची बोलणी अशाच मोकळ्या वेळात सुरू होत असतील, तर तो वेळ कसा आखलाय, याला फार महत्त्व येतं. हा वेळ रात्री दहाला, कॅम्पसबाहेरच्या बारमध्ये असेल, तर हॉस्टेलचं गेट साडेदहाला बंद होणारी मुलगी बाद. आकाशदर्शनासाठी वेगळी फी असेल, तर फेलोशिप रखडलेला मुलगा बाद. फक्त कडा चढायचा असेल, तर ज्यांचे गुडघे दुखतात किंवा जे व्हीलचेअरवर आहेत, ते बाद. लहान मूल सोबत आणलेल्या आईसाठी तर साडेसहाचा योग हा विनोदच! नियमाप्रमाणे सगळे ‘आमंत्रित’, प्रत्यक्षात तीच तीच मंडळी एकत्र.

दुसरी गंमतही मी पाहिली. त्याच परिषदेत एका विभागप्रमुखांनी योगाला कोण आलं, कोण नाही, याची यादीच केली. झालं! दुसऱ्या दिवशी त्यांचे विद्यार्थी चटयांवर हजर, चेहऱ्यावर मात्र शवासन. हजेरी लागली की ऐच्छिक शब्दाला अर्थ उरत नाही. ऑफिसच्या ऑफसाइटला ‘कम्पल्सरी फन’ केलेल्यांना हे वेगळं सांगायला नकोच. एखाद्याला तो तास खोलीवर जाऊन झोपायचं असेल, तर तोही वेलनेसच.

म्हणून आयोजकांना एकच विनंती. हा तास पत्रिकेच्या तळाशी नको, मध्यावर ठेवा. दुपारी, उजेडी, कॅम्पसवर, फुकट. एक चढाची वाट, एक सपाट वाट आणि एक शांत खोली. बाकीचं लोक आपलं आपण पाहतात.

तुम्ही जाताय? मग हे करून बघा

• बॅगेत फॉर्मल बुटांसोबत एक जोड स्पोर्ट्स शूज टाकाच.
• सगळे इव्हेंट करायचा हट्ट नको. दिवसाला एक पुरे.
• फिरायला जाताना आपल्या ग्रुपला टाटा करा आणि अनोळखी माणसाशेजारी चाला.
• पहिलाच प्रश्न कामाचा नको. ‘चहा कुठे चांगला मिळतो?’ हा प्रश्न कुठल्याही विषयात चालतो.
• तुम्ही सीनियर असाल, तर मागे राहिलेल्याबरोबर चाला. पुढे पळणाऱ्यांना तुमची गरज नसते.