फाइल मर्यादेपेक्षा मोठी? टर्मिनलची एक ओळ पुरते

मीरा रोडच्या नया नगरमधून उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला ऑनलाइन मागताना अर्ज अनेकदा अडतो तो कागदांपायी नव्हे, त्यांच्या केबींपायी. ए-४ कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला, की सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. १५०वर ते चौथाईवर येतात आणि मजकूर तरीही नीट वाचता येतो. १९८८पासूनचे घोस्टस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर पीडीएफ अशी आटवण्याचे काम टर्मिनलवर एका ओळीत करते. त्याच्या तयार पर्यायांत ‘स्क्रीन’ म्हणजे ७२ डीपीआय, ‘ईबुक’ १५०, ‘प्रिंटर’ ३००. सुरुवात ‘ईबुक’पासून करावी, ‘स्क्रीन’वर गोल शिक्क्यातली बारीक अक्षरे पुसट होतात.

संकेतस्थळांवर हे फुकट होते, मग टर्मिनल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण तिथे आधार कार्ड परक्या सर्व्हरवर जाते, इथे ते आपल्याच संगणकावर राहते. दर्जा घटतो हेही खरे, आणि गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. म्हणून नव्या फाइलीला वेगळे नाव द्यावे, मूळ स्कॅन जपावे. थेट टाइप करून बनवलेली पीडीएफ मात्र फारशी आटत नाही, कारण तिच्यात आटवण्याजोगी चित्रेच नसतात.