पाइपचा तंबाखू: डब्याच्या वासावर जाऊ नका

व्हॅनिला-चेरीचा डबा उघडताच जीव हरखतो, पण पेटवल्यावर बरेचदा नुसती गरम वाफ! म्हणून आधी पान ओळखा. व्हर्जिनियात साखर भरपूर, चव गोडसर. घाईने ओढलंत तर जीभ पोळते. बर्लीत साखर अगदी कमी, त्यामुळे ती बाहेरचा स्वाद पटकन शोषते.

माझा जीव मात्र लटाकियावर. मूळचा सीरियाचा, आता मुख्यतः सायप्रसचा. पानं लाकडा-झुडपांच्या धुरावर काळीभोर होईपर्यंत धरतात. त्यात व्हर्जिनिया आणि ओरिएंटल पान मिसळलं की झालं इंग्लिश मिश्रण. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यातला पेरीक पिंपांत दाबून महिनोन्‌महिने आंबवतात, मिरीसारखा तिखट, चिमूटभर पुरे.

धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, हे ओढणाऱ्यांना ठाऊक असावं.

नवं मिश्रण थोडंच घ्या. ओलसर वाटलं तर कागदावर पसरून जरा सुकू द्या. ओल्या तंबाखूला धड आगही लागत नाही.