डब्यातून घरची बिअर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियात घरी बिअर करायला अनेक जण कूपर्स कंपनीच्या १.७ किलोच्या डब्यापासून सुरुवात करतात. त्यातल्या दाट माल्ट अर्कात हॉप्सचा कडवटपणा आधीच असतो. तो पुन्हा उकळू नका, हॉप्सचा सुगंध उडून जातो.

१. सगळी भांडी निर्जंतुक करा. सर्वात महत्त्वाचं काम हेच!
२. अर्क आणि १ किलो साखर गरम पाण्यात विरघळवा, गार पाणी घालून २३ लिटर करा.
३. २० अंश सेल्सिअसच्या आसपास यीस्ट घाला आणि मिश्रण आंबू द्या.
४. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचं माप दोन दिवस तेच राहिलं, तरच बाटल्या भरा. घाई केली तर त्या फुटू शकतात.
५. बाटल्यांत लिटरमागे ८ ग्रॅम साखर घालून त्या दोन आठवडे ठेवा.

दुसऱ्या पायरीत साखरेऐवजी माल्ट पावडर वापरून बघाच, चव भरदार होते!