नाकारलेली बढती कोणाची?

आपल्या वस्तीतल्या मुलीला बँकेत, मंत्रालयात किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली की पेढे वाटले जातात. विहारात तिचा सत्कार होतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर तिच्यासोबत आई-वडिलांचाही फोटो निघतो. ते योग्यच आहे. पण त्याच मुलीला आठ-दहा वर्षांनी बढती येते आणि ती बढती लेखी नाकारते, ही बातमी कुणाच्याच कानावर जात नाही. त्यावर सभा होत नाही, निषेधाचा ठराव होत नाही. घरातल्या घरात विषय मिटतो.

बँकेत काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. क्लार्कचा अधिकारी झाला की बहुधा बदली आली. कधी शेजारचा जिल्हा, कधी परराज्य. पदरात दोन वर्षांचे मूल असलेली बाई त्या कागदाकडे पाहते आणि कागद परत करते. नवऱ्याला तीच बढती आली तर घर आनंदाने सामान बांधते किंवा तो एकटा जातो आणि मूल बाईपाशी राहते. नियम दोघांना सारखाच आहे, परिणाम सारखा नाही.

पदोन्नतीतील आरक्षणासाठी आपण काय कमी लढलो? १९९२ च्या मंडल निकालाने ते धोक्यात आले, तेव्हा १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती करावी लागली. महाराष्ट्र शासनाने ७ मे २०२१ रोजी पदोन्नतीतील राखीव जागाही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा निर्णय काढला, तेव्हा आपले लोक रस्त्यावर उतरले. मनुवादी प्रवृत्ती आपली जागा हिसकावते तेव्हा आपल्याला ती दिसते. तीच जागा आपल्या घरात, आपल्याच पुरुषांच्या आळसामुळे सुटते तेव्हा ती आपल्याला दिसत नाही.

हे लिहिताना आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. आमच्या पत्नीने अशी बढती दोनदा नाकारली. आम्ही त्या काळात पदोन्नतीतील आरक्षणावर गावोगाव भाषणे देत होतो. रात्री घरी आलो की मुलगा झोपलेला असे आणि ताट झाकलेले असे. दुसऱ्या वेळच्या नकाराचा अर्ज आमचे इंग्रजी बरे म्हणून आम्हीच लिहून दिला. 'कौटुंबिक अडचणींमुळे' असे त्यात लिहिले होते. अडचण म्हणजे दीड वर्षाचे मूल आणि त्याला सांभाळायला तयार नसलेला बाप. तिच्या मागून लागलेले लोक पुढे वरिष्ठ व्यवस्थापक झाले. ती अजून कधी बोलून दाखवीत नाही, पण निवृत्तीवेतनाचा आकडा दर महिन्याला बोलतो.

अशा वेळी आपल्याकडे एक दाखला हमखास दिला जातो, तो माता रमाईचा. बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनला शिकत होते, तेव्हा मुंबईत रमाईंनी हालअपेष्टा सोसून संसार ओढला. पाचपैकी चार लेकरे त्यांनी गमावली. ७ फेब्रुवारीच्या जयंतीला आमचे वक्ते हे सांगून डोळ्यांत पाणी आणतात आणि मग समोर बसलेल्या नोकरदार भगिनींना म्हणतात, तुम्हीही असा त्याग करा. चार लेकरे गमावणाऱ्या माऊलीच्या दुःखातून एवढाच बोध घ्यायचा असतो काय? रमाईंना जे सोसावे लागले ते पुढच्या बाईला सोसावे लागू नये, म्हणून बाबासाहेबांनी जे केले, ते मात्र भाषणात येत नाही.

काय केले, ते पाहा. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. या खर्चाचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमातून नफा घेणाऱ्या मालकानेही त्यातून सुटता कामा नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, १९४५ च्या वटहुकुमाने खाणीत काम करणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघराची सक्ती करण्याची सोय झाली. सहा वर्षांखालचे मूल खाणीच्या तोंडाशी उन्हात पडून राहू नये, ही त्यामागची काळजी. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत तर त्यांनी सांगितले की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, गुलाम होऊ नये.

आता कायद्याचे बघू. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आले, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. पण राज्य विमा योजनेबाहेरच्या बाईचा २६ आठवड्यांचा सगळा पगार एकट्या मालकावर टाकला आहे. मग खासगी कंपनीचा माणूस मुलाखतीत तरुण विवाहित मुलीला विचारतो, "मुलाबाळांचा काय विचार?" १९२८ साली सरकारने भार उचलावा असे का म्हटले होते, याचे उत्तर त्या प्रश्नात आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीही बायकांना. पुरुषाला ती मिळते, पण पत्नी वारली असेल किंवा आजाराने अंथरुणाला खिळली असेल तेव्हा. बायको मेल्याशिवाय बाप हा पालक ठरत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

पाळणाघर कायद्यात आहे, गल्लीत नाही. आणि खासगी पाळणाघर सापडले तर आडनाव विचारले जाते. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टर मुलीला इमारतीतल्या पाळणाघराच्या बाईंनी सांगितले, डब्यात अंडे चालणार नाही, वासही चालणार नाही. मुलीने ते पाळणाघर सोडले आणि गावाहून आईला आणले. ही आई जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबली. आपली पोरे बाभळीच्या फांदीला झोळी बांधून तिने वाढवली. म्हातारपणी आता चौथ्या मजल्यावर कुलूप लावलेल्या घरात ती नातवाला सांभाळते, आणि बोलायला कोणी नाही म्हणून टीव्ही लावून ठेवते. ज्यांना आजी नाही त्यांच्याकडे आपल्याच झोपडपट्टीतली ताई येते. तिचे मूल कोण सांभाळते, हे तिला विचारून पाहावे. अंगणवाडी काही तास चालते, तिची नोकरी दहा तासांची.

आमच्या वसाहतीत एक विहार आहे. सकाळच्या वंदनेनंतर बंद होते ते संध्याकाळी सहाला उघडते. आत पंखे आहेत, पाणी आहे, दोन शौचालये आहेत. तेथे पाळणाघर चालवावे, असा अर्ज आम्ही समितीला दिला. डॉक्टर मुलीचे मूल आणि ताईचे मूल एकाच सतरंजीवर, शुल्क मात्र ज्याच्या त्याच्या पगाराप्रमाणे. सांभाळणाऱ्या दोघींना पगार, समाजसेवा म्हणून फुकट नाही. पहिला आक्षेप आला, मुले विहार घाण करतील. दुसरा आला, चावी कोणाकडे राहणार. तिसरा कोणी उघड बोलले नाही, पण तो खरा होता. अर्जात आम्ही लिहिले होते की रोज दुपारी एका पुरुषाने तेथे बसावे, निवृत्त असो की पाळीची सुटी असलेला, आणि मुलांचे सगळे करावे, धुणेपुसणेही.

येत्या रविवारच्या बैठकीत हा विषय पुन्हा आहे. पाळीला बसणाऱ्या पुरुषांसाठी कागद ठेवला आहे. त्यावर आजवर एकच नाव आहे, ते आमचे. वयाच्या पासष्टीत लंगोट बदलायला आम्ही आमच्या पत्नीकडूनच शिकत आहोत.