हॉर्सटेल : भांडी घासणारी वनस्पती आणि केसांची गोळी

केस गळू नयेत, नखे तुटू नयेत, हाडे बळकट व्हावीत म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘हॉर्सटेल’ हे नाव असते. हॉर्सटेल म्हणजे घोड्याची शेपटी. हे एका झाडाचे नव्हे, तर एका कुळाचे नाव आहे. त्यातील खरखरीत दांड्याची जात म्हणजे ‘इक्विसेटम हायमेल’.

युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिकेत ओढ्याकाठी आणि पाणथळ जागी तिचे दाट ताटवे असतात. साधारण मीटरभर उंचीचा पोकळ हिरवा दांडा आणि त्यावर बांबूसारखी पेरे. पाने इतकी लहान, की पेराभोवती दातेरी कडे तेवढे दिसते. त्यामुळे अन्न तयार करण्याचे काम दांडाच करतो. फूल नाही, बी नाही. नेच्यांप्रमाणे बीजाणूंपासून वाढ होते. दगडी कोळसा ज्या दलदलींत तयार झाला, तेथे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी या कुळाचे नातलग वृक्षाएवढे वाढत असत.

खरखरीतपणाचे कारण सिलिका. वाळूतही मुख्यतः हाच घटक असतो. पाण्यात विरघळलेली सिलिका मुळे शोषून घेतात आणि ती दांड्याच्या बाहेरच्या थरात साठते. दांडा ताठ राहतो, कीड-बुरशीलाही अटकाव होतो. या गुणामुळे युरोपात कथलाची भांडी या दांड्यांनी घासत. इंग्लंडमध्ये ते हॉलंडहून येत, म्हणून तेथे त्यांना ‘डच लव्हाळे’ म्हणू लागले. जपानमध्ये ‘तोकुसा’ नावाने ओळखले जाणारे हेच दांडे लाकूडकामात पॉलिश पेपरसारखे वापरले जातात.

सिलिका आहे म्हणजे केस व हाडांना उपयोग होणारच, असा तर्क गोळ्यांच्या जाहिरातींत असतो. माणसांवरील अभ्यासांतून मात्र त्याला ठोस आधार मिळालेला नाही. शिवाय औषधी परंपरेत प्रामुख्याने वापरतात ती शेतात उगवणारी दुसरी जात, ‘इक्विसेटम अर्वेन्स’. पाणथळातली आणखी एक जात, ‘इक्विसेटम पॅलुस्ट्रे’, गुरांना विषारी ठरते. दिसायला सारख्या असल्याने भेसळीचा धोका राहतो.

दुसरा धोका थायमिनेज या विकराचा. ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते. वाळलेल्या गवतातून हॉर्सटेल बरेच दिवस पोटात गेल्यास घोडे अशक्त होतात, चालताना लडखडतात. ब-1 दिल्यावर वेळीच लक्षात आलेले घोडे सुधारतात. माणसांत दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांच्या शरीरात ब-1 आधीच कमी असण्याची शक्यता असते. त्यांनी हॉर्सटेल टाळावे. त्याने लघवीचे प्रमाणही वाढते. म्हणून हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

बागेत शोभेसाठी लावलेल्या हॉर्सटेलचा घरी काढा करणे तर नकोच. ती नेमकी कोणती जात, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. केस फारच गळत असतील, तर आधी रक्तातील लोह व थायरॉइड तपासून घेणे अधिक उपयोगाचे.